आयोडीन वॉर्डचा कचरा ठेक्यावर देताना

हाउसकीपिंगची निविदा निघते तेव्हा कामाच्या यादीत शेवटी कुठेतरी ‘न्यूक्लिअर मेडिसिन विभागासह’ असे तीन शब्द घुसतात. दर ठरतो जनरल वॉर्डाच्या हिशेबाने, माणसं येतात तीही जनरल वॉर्डाचीच. मग पहिल्याच आठवड्यात एखादी मावशी आयोडीनच्या खोलीतली, म्हणजे थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या पेशंटच्या खोलीतली, पिशवी बाकीच्या पिवळ्या पिशव्यांबरोबर खाली नेऊन ठेवते. चूक तिची नसते, निविदा लिहिणाऱ्याची असते. ही टिपणं मुंबईतल्या हॉस्पिटलांच्या प्रशासनासाठी, तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरसाठी म्हणजे आरएसओसाठी, आणि असं काम घेऊ पाहणाऱ्या ठेकेदारांसाठी आहेत.

काय देता येतं आणि काय नाही

किरणोत्सारी पदार्थ वापरायचा परवाना हॉस्पिटलच्या नावावर असतो. २००४चे किरणोत्सार संरक्षण नियम जबाबदारी टाकतात ती नियोक्त्यावर आणि परवानाधारकावर. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे १९८७चे वेगळे नियम आहेत, त्यांतही बांधलेला असतो तो परवानगी घेणारा. ठेकेदाराशी कितीही कडक करार केला तरी काही बिघडल्यावर अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून, म्हणजे एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळाकडून), पत्र येणार ते हॉस्पिटललाच. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर करून अणुवीज खाजगी कंपन्यांना खुली केली, तेव्हापासून ‘आता कचराही खाजगीकडे देता येईल’ असं काही प्रशासकांच्या तोंडी ऐकू येतं. तसं नाही. त्या कायद्यातही वापरलेल्या इंधनावरची प्रक्रिया आणि उच्च पातळीचा कचरा केंद्र सरकारनेच आपल्याकडे ठेवला आहे. आणि हॉस्पिटलच्या पिशव्यांचा त्या वादाशी संबंधही नाही.

ठेक्यावर देता येतात ती हातांची कामं: खोली पुसणं, पिशव्या बांधून स्टोअरपर्यंत (किरणोत्सार ओसरेपर्यंत त्या ठेवायच्या खोलीपर्यंत) नेणं, चादरी गोळा करणं, ड्रम हलवणं, टाकीच्या खड्ड्याची निगा. तीन गोष्टी मात्र देऊ नयेत. पिशवी मोकळी करायचं, म्हणजे ती आता किरणोत्सारी उरली नाही हे ठरवायचं, रीडिंग आणि त्याखालची सही. डिले टँकचा, म्हणजे वॉर्डाचं सांडपाणी किरणोत्सार ओसरेपर्यंत साठवणाऱ्या टाकीचा, सोडायचा व्हॉल्व्ह. आणि सीलबंद सोर्स, म्हणजे कवचात बंद केलेला किरणोत्सारी पदार्थ, मग तो कॅलिब्रेशनचा बोटाएवढा का असेना. व्हॉल्व्हला कुलूप लावा, किल्ली आरएसओकडे. करारात हे नकारात्मक भाषेत लिहा, ‘ठेकेदाराचे कर्मचारी पुढील गोष्टी करणार नाहीत’ असं. सुपरवायझर तेवढंच वाचतो.

४८ तासांचा घोळ

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम सांगतात की कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आयोडीनची पिशवी तर ८० दिवस ठेवायची असते. नवा ठेकेदार इथेच गोंधळतो आणि दंडाच्या भीतीने पिशवी लवकर काढतो. उत्तर सोपं आहे. किरणोत्सारी कचऱ्याला २०१६चे नियम लागूच होत नाहीत. पिशवी स्टोअरमध्ये असेपर्यंत ती अणुऊर्जेच्या नियमांखाली असते. आरएसओने ती मोकळी केली, किरणोत्साराचं चिन्ह हटवलं आणि बारकोड लावला की ती साधा जैववैद्यकीय कचरा होते, आणि ४८ तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. म्हणून मोकळ्या करायच्या पिशव्या कचऱ्याची गाडी यायच्या दिवशीच सकाळी मोजा, आदल्या शनिवारी नको.

पिशवी

अर्धायुष्याचे, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाचे, आकडे स्टोअरच्या दारावर मोठ्या अक्षरांत हवेत. टेक्निशियम-९९एम ६ तास, फ्लोरीन-१८ ११० मिनिटं, आयोडीन-१३१ ८ दिवस, ल्युटेशियम-१७७ ६.६५ दिवस. ढोबळ नियम दहा अर्धायुष्यांचा: त्यानंतर मूळचा १०२४वा भाग उरतो. म्हणजे पेट स्कॅनच्या (फ्लोरीन-१८च्या) सुया दुसऱ्या दिवशी, टेक्निशियमचा सोमवारचा कचरा गुरुवारी, आयोडीन ८० दिवसांनी.

पण कॅलेंडरवर विसंबू नका. वृद्ध पेशंटच्या एका डायपरमध्ये ३७० मेगाबेक्वेरल (किरणोत्साराचं माप) सहज असू शकतं. ८० दिवसांनी त्यातलं ०.३६ उरतं आणि १० सेंटिमीटरवर मीटर ताशी २ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं माप) आसपास दाखवतो. आपल्याकडे बॅकग्राउंड, म्हणजे आसपासचा नैसर्गिक किरणोत्सार, असतो ०.१च्या आसपास. त्या पिशवीला आणखी ४० दिवस लागतात. डायपर आणि युरिन बॅग म्हणूनच वेगळ्या पिशवीत बांधा, नाहीतर एका डायपरपायी अख्खा ड्रम अडकून पडतो.

ल्युटेशियममध्ये वेगळी मेख आहे. ट्रॉम्बेच्या रिअॅक्टरमध्ये थेट मार्गाने बनवलेल्या ल्युटेशियम-१७७मध्ये ल्युटेशियम-१७७एमचा अगदी थोडा अंश येतो, आणि त्याचं अर्धायुष्य १६० दिवस. ६७ दिवस झाले, हिशेबाने पिशवी शांत व्हायला हवी, तरी मीटर टकटकतोच. मीटर बिघडला असं समजून पिशवी सोडून देतात ती इथे. मीटर बरोबर असतो. हा कचरा आयोडीनच्या फळीवर नको, त्याला स्वतःची फळी आणि काही वर्षांची तयारी हवी.

टॅगवर पाच गोष्टी: समस्थानिक (आयोडीन-१३१, ल्युटेशियम-१७७ वगैरे), खोली नंबर, पिशवी बंद केल्याची तारीख, त्या वेळी पृष्ठभागावरचं रीडिंग, आणि सर्वांत लवकर मोजायची तारीख. शेवटची तारीख टेक्नॉलॉजिस्टने लिहायची, ठेकेदाराच्या माणसाने नाही. शाई पाण्याने न पुसणारी. जुलैच्या दमटपणात बॉलपेनचा कागदी टॅग तीन आठवड्यांत कोरा होतो, आणि बिनतारखेच्या पिशवीला शून्यापासून ८० दिवस मोजावे लागतात. प्लॅस्टिकचा टॅग आणि मार्कर घ्या, चार रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

पिशवी मोकळी करताना रीडिंग असं घ्यायचं. पिशवी स्टोअरमधून बाहेर, निदान दहा-बारा पावलं लांब आणा. आत शेजारच्या ड्रमांमुळे बॅकग्राउंडच चढलेला असतो आणि त्या गोंगाटात कमकुवत पिशवी लपते. मोजायच्या जागी आधी रिकाम्या टेबलाचं रीडिंग घेऊन लिहा. ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ ते थोडं जास्त येतं, म्हणून दर वेळी जागा तीच हवी. मीटरच्या प्रोबवर, म्हणजे मोजायच्या टोकावर, पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. मीटर सर्वांत संवेदनशील रेंजवर, आवाज चालू. पृष्ठभागापासून १ सेंटिमीटरवर प्रोब सावकाश फिरवा, सेकंदाला दोन-तीन बोटं एवढंच. वरून, खालून आणि चारही बाजूंनी. घाईघाईत फिरवलेला प्रोब सुईच्या टोकावरचा डाग ओलांडून जातो. रीडिंग बॅकग्राउंडपासून वेगळं ओळखता येत नसेल तरच पिशवी मोकळी. मग पिवळ्या पिशवीत टाकताना किरणोत्साराचं चिन्ह फाडा किंवा काळं करा. चिन्ह तसंच राहिलं तर कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस ती पिशवी उचलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

स्टोअर किती मोठं हवं

आठवड्याला तीन पेशंट, प्रत्येकी तीन पिशव्या, म्हणजे ९. ८० दिवस म्हणजे साडेअकरा आठवडे, म्हणजे कुठल्याही क्षणी शंभराच्या वर पिशव्या आत. लांबलेल्या पिशव्यांसाठी पाचवा हिस्सा वाढवा, १२५ धरा. मुंबईत जागा कुठे, म्हणून जिन्याखालची खोपटी मिळते आणि त्यात साठ मावतात. सातव्या आठवड्यात ती भरते. त्यानंतर ठेकेदाराच्या माणसासमोर दोनच वाटा उरतात: पिशवी बाहेर पॅसेजमध्ये ठेवायची किंवा जुनी लवकर काढायची. दोन्ही घडतात. निविदेआधी हा गुणाकार करा. जागा वाढत नसेल तर पेशंटची संख्या बांधा.

उष्टं अन्न ८० दिवस पिशवीत राहणार असतं. मुंबईच्या हवेत तिसऱ्या दिवशी वास, दहाव्या दिवशी किडे, आणि मग उंदीर पिशवी फोडून खोलीभर पसरवतात. त्यासाठी एक डीप फ्रीजर लागतो, फक्त उष्टं आणि डायपर यांच्यासाठी, कुलूपबंद, जनरेटरच्या लाइनवर. बाकी पिशव्या घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये. जेवण मोजकं द्या, साल-बी-हाड नसलेलं. शहाळ्यावर तर बंदीच घाला. नातेवाईक प्रेमाने रोज दोन पाठवतात, पेशंट स्ट्रॉने पितो, आणि ती कवटी ८० दिवस अर्धा ड्रम अडवून बसते. शहाळं बाहेर फोडून पाणी कागदी पेल्यात द्यावं.

स्टोअरच्या बाहेरच्या भिंतीवर ताशी १ मायक्रोसिव्हर्टच्या खाली रीडिंग हवं. पिशवी उचलून नेणाऱ्याला मिळणारी मात्रा फार नसते, काम दोन मिनिटांचं असतं. धोका असतो तो डबा खायला बसण्याच्या जागेचा. स्टोअरला लागून कर्मचाऱ्यांचा बाक आहे, तिथे ताशी २० मायक्रोसिव्हर्ट आहे, रोज अर्धा तास, महिन्याला २५ दिवस. झाले २५० मायक्रोसिव्हर्ट, वर्षाला ३ मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसाची मर्यादा वर्षाला १ आहे. बाक हलवायला काही खर्च नाही.

खोली, संडास आणि ॲसिड

पेशंट गेल्यावर खोलीत लगेच शिरायचं नाही. आधी टेक्नॉलॉजिस्ट मोजणार आणि खडूने किरणोत्साराच्या डागांभोवती गोल काढणार. सर्वांत जास्त डाग कुठे सापडतात हे ठरलेलं आहे: उशी, टेलिफोन, टीव्हीचा रिमोट, बेसिनचा नळ, संडासभोवतीची जमीन. या सगळ्यांवर पेशंट यायच्या आधीच प्लॅस्टिक गुंडाळलं आणि संडासाजवळ शोषक कागद अंथरला तर सफाईचं काम निम्म्याहून कमी होतं. चादरी वेगळ्या पिशवीत, मोजल्याशिवाय बाहेरच्या लाँड्रीला नाहीत.

हाउसकीपिंगच्या माणसाला संडास दिसला की हात जातो ॲसिडच्या बाटलीकडे. आयोडीनच्या वॉर्डात ॲसिड आणि ब्लीच दोन्ही बंद. त्यांनी आयोडाइडचं आयोडीन होतं, ते हवेत उडतं आणि श्वासावाटे पुसणाऱ्याच्याच थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. शिवाय ॲसिड स्टेनलेस स्टीलची टाकी खातं. साधा न्यूट्रल डिटर्जंट वापरा. सांडलेल्या जागी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण आयोडीनला आयोडाइडच्या रूपात धरून ठेवतं. करारात या दोन बाटल्यांवरची बंदी नावानिशी लिहा आणि वॉर्डाच्या कपाटात त्या ठेवूच नका.

सांडलवंड झाली तर क्रम असा: लोकांना बाजूला करा, शोषक कागद टाकून झाका, मीटर आणा. मग दोन हातमोजे, बुटांवर कव्हर, आणि बाहेरून मध्याकडे पुसत जा. एकदा वापरलेला कागद पुन्हा फिरवायचा नाही. तीन वेळा पुसूनही रीडिंग उतरेना, तर घासत बसू नका. प्लॅस्टिक चिकटवून झाका आणि तारीख लिहून क्षय होऊ द्या. घासण्याने डाग टाइलच्या फटीत आणखी खोल जातो. शिशाचा एप्रन घालून सफाई करायची हौस असेल तर सोडा. अर्ध्या मिलिमीटरचं शिसं एक्स-रेसाठी ठीक, आयोडीनच्या ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमापुढे ते नावापुरतंच. उलट वजनाने माणूस हळू होतो आणि जास्त वेळ थांबतो.

डिले टँक

संडास, बेसिन आणि न्हाणी टाकीला जोडलेले, दोन खाटा, पेशंटमागे दिवसाला १०० लिटर: ६,००० लिटरची टाकी ३० दिवसांत भरते. दोनच टाक्या असतील तर एक भरेपर्यंत दुसरीला ३० दिवस मिळतात, म्हणजे तेरावा भाग उरतो. पुरेसं नाही. तीन टाक्यांत ६० दिवस मिळतात आणि उरतो सुमारे १८०वा भाग. चार टाक्यांत ९० दिवस, दोन हजाराव्या भागापेक्षाही कमी.

आता न्हाणीत शॉवर लावा. १००चे २५० लिटर होतात, टाकी १२ दिवसांत भरते, आणि तीन टाक्या असूनही विश्रांती २४ दिवसांची, म्हणजे आठवा भाग. तीच टाकी, तेच पेशंट, आणि फरक वीस पटींच्या वर. शॉवर काढा, बादली द्या, फ्लश दोन बटणांचा बसवा. गळका फ्लश त्याच दिवशी दुरुस्त झाला पाहिजे, त्याला करारात २४ तासांची मुदत आणि दंड ठेवा. प्लंबरचं हे काम एका नव्या टाकीच्या किमतीचं आहे.

टाकीत जाऊ नये ते जातं: टिश्यू, पॅड, ओले वाइप्स. ग्राइंडर पंप अडकतो आणि ठेकेदाराचा माणूस सवयीने पंप उघडतो. पंप उघडायचा तो आरएसओच्या लेखी परवानगीने, आणि शक्य असेल तर क्षय झाल्यावर, म्हणून जोडीला दुसरा पंप हवाच. टाकी सोडण्याआधी पाणी ढवळून १ लिटर नमुना घ्या आणि तो वेल काउंटरवर, म्हणजे अगदी कमी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा. पेशंटचा डोस मोजायचा डोस कॅलिब्रेटर एवढ्या कमी मात्रेला आंधळा असतो, तो शून्य दाखवतो आणि लोक खूश होतात.

परळ-हिंदमाता भागात तळघरातल्या टाकीचा खरा शत्रू आयोडीन नसून पाऊस आहे. झाकणाच्या फटीतून पाणी शिरलं की क्षयासाठी ठेवलेली टाकी दोन तासांत तुडुंब. मेअखेर झाकणांची गॅस्केट बदला, कंट्रोल पॅनल भिंतीवर छातीच्या उंचीला न्या, खड्ड्यातला उपसा पंप जनरेटरवर घ्या. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पाण्याने भरलेल्या खड्ड्यात रिकामी ६,००० लिटरची टाकी सहा टनांच्या जोराने वर उचलली जाते आणि पाइप तोडते. टाक्या पट्ट्यांनी काँक्रीटला जखडलेल्या आहेत का, ते मे महिन्यात बघा.

माणसं आणि पैसे

या कामाला मोबदला किलोवर देऊ नका. किलोवर दिला की पिशवी जितकी लवकर बाहेर तितकं बिल लवकर, आणि सगळा क्षयाचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. ठरावीक मासिक रक्कम द्या.

माणसं नावानिशी ठरवा: दोन नियमित, दोन राखीव, सगळे १८च्या वरचे. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर लावायचा मात्रा मोजणारा बिल्ला, माणसाचा असतो, शिफ्टचा नाही. रमेशचा बॅज सुरेशने घातला की तिमाहीचा अहवाल दोघांच्याही कामाचा राहत नाही. बॅज नवा काढायला वेळ लागतो, म्हणून माणूस बदलायचा तर ३० दिवसांची सूचना असं कलम घाला. गरोदर राहिलेल्या मावशीने सांगितलं की तिची बदली, पगार न कापता. पगार कापला जाणार असेल तर ती सांगणार नाही. वर्षातून दोनदा प्रशिक्षण, तिथेच वॉर्डात, मराठी-हिंदीतून, मीटर हातात देऊन. स्लाइडवरचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

भंगार

टेक्निशियम जनरेटरची शिशाची भांडी, जुने कॅलिब्रेशन सोर्स, गॅमा कॅमेरा तपासायचा कोबाल्ट-५७चा फ्लड सोर्स, हे सगळं कपाटात साठत जातं आणि एके दिवशी जागा मोकळी करताना भंगारवाल्याला दिसतं. शिशाला कुर्ल्यात भाव मिळतो, म्हणून ते उचललंही पटकन जातं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं उपकरण भंगारात फुटलं, आतल्या कोबाल्ट-६०ने एकाचा जीव गेला. ते यंत्र १९८५पासून बंद पडून होतं. बंद यंत्र म्हणजे संपलेला सोर्स नाही: कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं, सीझियम-१३७चं ३० वर्षांचं. सोर्स परत जातो तो पुरवठादाराकडे, एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर परवानगी घेऊन. पुरवठादार उरला नसेल तर ट्रॉम्बेला, तेही आगाऊ मंजुरी घेऊनच. पॅकेजवरचं लेबल रीडिंगने ठरतं. पृष्ठभागावर ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत पांढरं, त्यावर ५००पर्यंत पिवळं दोन, पण १ मीटरवर ताशी १० मायक्रोसिव्हर्टच्या आत असेल तरच. त्याहून जास्त म्हणजे पिवळं तीन. विभागातून बाहेर जाणारं प्रत्येक धातूचं सामान आरएसओच्या सहीच्या गेटपासशिवाय सोडायचं नाही, हे हॉस्पिटलच्या सिक्युरिटी एजन्सीच्या करारातही हवं. गेटवर उभा असतो तो त्यांचाच माणूस.

ठेका संपताना

जुना ठेकेदार ३१ मार्चला जातो, स्टोअरमध्ये त्याच्या काळातल्या शंभर पिशव्या असतात, आणि नवा म्हणतो, या माझ्या नाहीत. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात दोघांना समोरासमोर उभं करून टॅगनिहाय यादी करा: किती, कुठली फळी, कधी मोजायची. तिघांच्या सह्या. बिनटॅगच्या पिशव्यांवर त्या दिवसाची तारीख टाका. जुन्या माणसांचे टीएलडी बॅज गोळा करून वाचायला पाठवा. आलेला अहवाल ठेकेदाराच्या ऑफिसात न ठेवता त्या त्या माणसाच्या हातात द्या. तो पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात याच कामाला लागला, तर आधीची मात्रा तिथे दाखवावी लागते.